वहिनीनं तोललेला लॅपटॉप

आधी सुनंदावहिनीचं नाव घेते, मग बाकीचं. तिचं नाव मागे ठेवलं की माझी गोष्ट आपोआप माझ्या सोयीनं वळते. तीन वर्षं मी ती तशीच वळवत आले आहे. सुनंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर विणकरांचं, मोहाडीकडचं. लग्न होऊन सानगडीला आमच्या घरी आली तेव्हा आमचा माग दहा वर्षं बंद पडून होता, त्यावर कोंबड्या बसायच्या. तिनं तो धुऊन-पुसून पुन्हा चालता केला आणि त्यावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणू लागली. आज मी घरापासून इतकी दूर, तिरुपूरला, स्वतःच्या पगारावर उभी आहे ती तिच्यामुळे. आणि तिच्याशी बोलताना माझा आवाज खाली जातो, तो माझ्यामुळे.

परवा जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. इकडे कार्तिकात पाऊस असतो. कंपनीच्या पत्र्यावर तो धाडधाड वाजत होता, आणि फोनमधून तिकडचं कोरडं, सोनेरी ऊन ऐकू येत होतं. ऊन ऐकू येतं म्हटलं तर कोणी हसेल. पण वहिनीच्या मागे कुठेतरी मळणीचं मशीन घरघरत होतं, आणि त्या आवाजाबरोबर मला तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास आला.

"धान निघालं व शुभू. पुढच्या सोमवारी आपल्या गावची मंडई हाय. येतेस का?"

"सुट्टी नाही मिळत, वहिनी."

"सुट्टी नाही मिळत म्हणे! मंग मंडईचे शिंगाडे काय मी तिकडं येऊन चारू तुले?"

मी हसले. तीही हसली. मग सहज, पदरानं घाम पुसावा इतक्या सहज ती म्हणाली, "लाखनीले पुन्हा ते ट्रेनिंग निघालं. बाया म्हणून राहिल्या, सुनंदा, नाव दे. मी नाही देत."

"काहून?"

"मले मशीन पारखता नाही येत व. मागच्या खेपेस पाह्यलं ना आपण. सुतातलं कळते मले, मशिनीतलं नाही. जिले घेताच आलं नाही तिले चालवता काय येईन?"

पुढं तिनं काय सांगितलं ते मला आठवत नाही. पाऊस वाजत होता. माझ्या डब्यातला भात तसाच राहिला. तीन वर्षांपूर्वी मंडईच्या दिवसांत मी जे केलं, ते विसरलं गेलं असेल असं मी धरून चालले होते. ते विसरलं गेलं नव्हतं. ते वहिनीनं स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

आमच्याकडे दिवाळी संपली की खरा सण सुरू होतो. धान कापलेलं असतं, शेतातल्या बांध्या उघड्या पडलेल्या असतात, पेंढ्यांचे पुंजणे रचलेले असतात, आणि एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्रा, लागते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुणे पाहुण्यांकडे उतरतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग, भज्यांच्या कढया, बांगड्यांच्या राशी. दंडारीचा, आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळाचा, ढोल भर दुपारी वाजतो. पोरापोरींची लग्नंही या गर्दीतच ठरतात. 'मंडईत भेटू' म्हटलं की आमच्याकडे वेळ-ठिकाण विचारायची गरज नसते.

कोरोनाच्या दोन वर्षांत मंडई भरली नव्हती. ती पुन्हा भरली त्या साली मी अकरावीत होते. दहावी मी भावाच्या जुन्या फोनवर केली होती, म्हणजे अर्धी केली होती. उरलेल्या अर्ध्या वेळात त्याच फोनवर गाड्या पळवल्या होत्या, बंदुका चालवल्या होत्या. त्या खेळांत मी चांगली होते. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण आमच्या गावात पोरीनं यात चांगलं असण्याला काही नाव नव्हतं. एखाद्या वळणावर गाडी न आपटता निघाली की अंगात जे चमकून जायचं, तसं वर्गात कधी झालं नाही.

कॉलेजात प्रोजेक्ट सुरू झाले. माझ्या वर्गातल्या दोघींकडे लॅपटॉप आले. घरी विषय मी काढला नाही, वहिनीनं काढला. बाबा म्हणाले, "पोरीले कायले पाह्यजे ते? टीव्ही हाय ना घरी." वहिनी चुलीपाशी बसून भाकर थापत होती. ती वर न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही टीव्हीवर प्रोजेक्ट करून दाखवा, मंग नाही घेत." बाबांनी तंबाखू मळायला घेतली. आणि वहिनी मग हळूच म्हणाली, की मलाही पाहिजे तो. लाखनीला हातमागाच्या बायांसाठी संगणकावर नक्षी काढायचं शिकवणार आहेत. ज्या बाईकडे स्वतःचा लॅपटॉप तिला घेणार. जी चांगली शिकेल तिला पुढं घरबसल्या नक्षीचं काम.

तिच्याकडं एक मोठी वही होती, चौकटी-चौकटीच्या कागदाची. काठावरची पानं, मोर, करवतीचे दाते, सगळं ती त्यात एकेक चौकोन पेन्सिलीनं भरून काढायची. एका पक्ष्याला दोन-दोन दिवस लागायचे. चूक झाली की खोडरबरानं कागद फाटायचा, आणि ती फाटलेल्या जागी मागून चिकटपट्टी लावायची. त्या वहीतली अर्धी पानं मागून चकाकतात.

तर लॅपटॉप दोघींचा ठरला. तिची नक्षी, माझा अभ्यास. आणि एक तिसरी गोष्ट, जी फक्त मला माहीत होती.

महिनाभर मी व्हिडिओ बघत होते. कुठला लॅपटॉप कोणता खेळ ओढतो, कुठला गरम होतो, कुठल्याची बॅटरी किती टिकते. मला सगळं माहीत होतं, हे मला इथं नीट लिहायचं आहे. मी अजाण नव्हते. अजाण असते तर आज ही वही घेऊन बसले नसते.

भंडाऱ्याला गेलो ते साकोलीवरून बस बदलून, मंडईच्या चार दिवस आधी. भाऊ वरठीच्या पोलाद कारखान्यात कामाला, तिथंच खोली करून राहायचा. तो मोटारसायकलनं परस्पर दुकानात येणार होता. दुकानात काचेच्या टेबलावर दुकानदारानं दोन लॅपटॉप ठेवले. किंमत दोन्हींची सारखीच. एक पातळ, राखाडी, वहीएवढा. दुसरा जाडा, काळा, आणि चालू केला की अक्षरांच्या खालून लाल उजेड फुटायचा. वहिनी भावाला रस्ता दाखवायला बाहेर गेली तेवढ्यात दुकानदार मला म्हणाला, "गावाकडं लाईन जात असन ना? मंग हा पातळ घ्या. दिवसभर चालते बिनलाईनीचा. तो जाडा गेमवाल्यांचा, तासभरात खाली होते." एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या प्रिंटरकडे वळला.

वहिनी आत आली, मागून भाऊ. भावाच्या शर्टावर कारखान्याची काळी भुकटी. "लवकर करा अवो, मले शिफ्ट हाय," तो म्हणाला. वहिनीनं घाई केली नाही. तिनं आधी दोन्ही लॅपटॉप पालथे केले. "मालाची उलटी बाजू पाहावं," ती मला म्हणाली, "सुलटी तं सगळेच चांगली ठेवतात." जाड्याच्या पोटाला मोठमोठ्या जाळ्या होत्या. "याले खिडक्या हायेत. हवा खेळते." मग तिनं एक उजव्या हातात घेतला, एक डाव्या हातात, आणि डोळे मिटले.

तिचं असं डोळे मिटणं मी रोज पाहिलेलं. आमच्याकडे शेठ विणकराला सूत तोलून देतो आणि साडी तोलून घेतो. साडी हलकी भरली म्हणजे विणकरानं मधलं सूत खाल्लं, धागे विरळ टाकले. वहिनीच्या बापानं तिला लहानपणी शिकवलं होतं की काट्यावर चढायच्या आधी साडी आपल्या हातावर चढली पाहिजे. तिच्या हातातून गेलेली साडी काट्यावर कधी कमी भरली नाही. तिच्या सगळ्या इमानाचं मोजमाप तिच्या तळहातात होतं.

तिनं डोळे उघडले आणि पातळ लॅपटॉप जरा संशयानं खाली ठेवला. "शुभू, हा हलका काहून व? यातलं काही काढून तं घेतलं नाही ना यायनं?"

भाऊ फसकन हसला. मला हसू आलं नाही. कारण त्या क्षणी मला दिसलं, की मला काहीच करायचं नाही, फक्त 'हो' म्हणायचं आहे.

"हो ना, वहिनी," मी म्हणाले. "यात माल कमी असते. जड तोच भरीव."

बस्स, एवढंच. ओरडले नाही, रडले नाही, हट्ट केला नाही. तिच्या बापानं तिच्या हातात ठेवलेला काटा मी उचलला आणि तिच्याच डोळ्यांत धूळ फेकली. ती समाधानानं मान हलवून दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, हा जड द्या." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी काचेत बघत होते. काचेत लाल अक्षरं दिसत होती.

मंडईला घरी पाहुणे मावत नव्हते. वहिनीनं लॅपटॉपला हळदीकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. एक दाणा बटणांच्या फटीत गेला तो अजून तिथंच असेल. आत्यानं लाल उजेड पाहून विचारलं, "हा काय गणपतीत लावाचा हाय का?" कोणी म्हणालं, "बाप्पा, पोरगी आता अधिकारी होते!" वहिनी प्रत्येकाच्या हातात तो देऊन म्हणायची, "उचलून पाहा, वजन पाहा!" पाहुणे उचलून बघायचे आणि माना डोलवायचे. मी शिंगाडे सोलत बसले होते. शिंगाड्याचं काटेरी टोक नखाखाली गेलं ते मला बरं वाटलं.

कोशाच्या उरलेल्या तुकड्यांची तिनं त्याला पिशवी शिवली, लाल करवतीच्या काठाची. आत जुन्या गोधडीचा थर. इतकी देखणी पिशवी भंडारा जिल्ह्यात दुसऱ्या लॅपटॉपला नसेल.

मग ते दिवस आले ज्यांच्याविषयी लिहायला माझा हात पुढं सरत नाही. दुपारी दोन ते चार माझी 'अभ्यासाची वेळ' ठरली. मागाचा आवाज मोठा, धोटा इकडून तिकडं जाताना खट-खट, खट-खट. त्यात पोरीचं लक्ष कसं लागेल म्हणून वहिनी त्या दोन तासांत माग बंद ठेवायची. मागाखालच्या खड्ड्यातून पाय वर काढून ती दारात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावायची, "हळू बोला. शुभू अभ्यास करून राहिली." गल्लीतली म्हातारी एकदा म्हणाली, "तुह्या नणंदेचं लय कवतिक!" वहिनी म्हणाली, "आमच्या घरात कोणी तरी शिकंन ना आई."

आत मी कानात वायर घालून गाडी पळवत होते. वळण आलं की श्वास धरत होते. घरात एवढी शांतता असायची, की आता ती शांतताच मला जास्त आठवते. चालता माग थांबल्यावर घरात जी पोकळी होते तिला एक आवाज असतो. तो मला इथं, दोनशे शिलाई मशिनींच्या गोंगाटातसुद्धा ऐकू येतो.

संक्रांत झाल्यावर वहिनीचं लाखनीचं ट्रेनिंग लागलं. दहा दिवसांचं. पहिल्या दिवशी ती नवी साडी नेसून, खांद्याला ती पिशवी लावून सकाळच्या बसनं गेली. संध्याकाळी आली तेव्हा पट्ट्यानं खांदा लाल झाला होता. "जड हाय बाप्पा," ती म्हणाली आणि लगेच, जणू लॅपटॉपला वाईट वाटेल म्हणून, "पण भरीव हाय."

मला राग आला होता, लॅपटॉप दिवसभर घरी नाही म्हणून. हेही लिहिते.

दुसऱ्या दिवशी ती हसत सांगत होती, की हॉलमध्ये वायर लावायच्या जागा दोनच, शिकवणाऱ्या मॅडमचं मशीन धरून. बाकी बायांचे लॅपटॉप बिनवायरीचे चालतात. "माहा खुंटीची गाय हाय. खुंटी सुटली का मरते." सगळे हसले. तिसऱ्या दिवशी लाखनीची लाईन दहा वाजता गेली ती आलीच नाही. सगळ्या बाया पडद्यावर मोर काढत होत्या आणि वहिनी झाकण मिटून बसली होती. तिनं आपली चौकटीची वही काढली आणि शेजारणीच्या पडद्यावरचा मोर पेन्सिलीनं उतरवून घेतला. तो मोर तिनं मला दाखवला. "पाह्य, त्यायच्यापेक्षा माहा चांगला जमला."

चौथ्या दिवशी ती गेली नाही. म्हणाली, "मॅडमचं शिकवणं सारखं थांबते माह्यासाठी. बरं नाही दिसत." आणि मग तिनं ते वाक्य म्हटलं जे परवा फोनवर वेगळ्या शब्दांत पुन्हा आलं, "चूक माहीच. मीच तं तोलून घेतला."

मी तिथंच उभी होते, दाराच्या चौकटीला धरून. तेव्हा बोलले असते तरी सहा दिवस उरले होते. मी म्हणाले, "जाऊ दे ना वहिनी." आणि दुपारी दोन वाजता तिनं माग बंद केला, आणि मी आत गेले. मला आनंद झाला होता. लॅपटॉप घरी होता.

अकरावीत मी नापास झाले. पुन्हा कॉलेजात गेले नाही. जायला तोंड नव्हतं असं म्हणते, पण खरं तर मनही नव्हतं. बाबांनी पुढच्या मंडईत स्थळं बघायला सुरुवात केली. एक तर घरापर्यंत आलंही, पोहे खाऊन गेलं. तेव्हाही वहिनीच मधे पडली. तिच्या माहेरची एक बाई तिरुपूरला कपड्याच्या कंपनीत होती, तिच्याशी बोलून घेतलं. बाबांना म्हणाली, "पोरगी नापास झाली तं तिचं लग्न कराचं, हा कोणता कायदा? तिले हातानं कमवू द्या दोन-चार साल." बाबा म्हणाले, "तूच तं लॅपटॉप घेऊन देल्ला होता!" तो बोल वहिनीनं पदरात घेतला. मी घेऊ दिला. स्टेशनवर सोडायला ती आली होती. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "जेवत जाजो. अन् कोणी काही देल्लं तं उलटून पाहाजो."

इथं माझं काम तेच आहे, उलटून पाहायचं. शिवून आलेला बनियन टेबलावर उलटा करायचा, शिलाई बोटानं चाचपायची, धागा सुटला असेल तिथं लाल बाणाची चिकटपट्टी लावायची. दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल बाण लावते. सुपरवायझर अक्का तमिळमध्ये काहीबाही म्हणते. मला पहिल्यांदा फक्त 'नल्ला' कळलं, म्हणजे चांगलं. ती म्हणते माझी नजर चांगली आहे. मी तिला कसं सांगू, की ही नजर माझी नाही.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. कापडाचे तागे आले होते. एका बाईनं गोल साच्यानं कापडाचा तुकडा कापला आणि छोट्याशा काट्यावर ठेवला. मी विचारलं, हे काय. बरोबरची ओडिशाची मुलगी मोडक्या हिंदीत म्हणाली, वजन बघतात, हलकं असलं तर माल परत. काट्यावरून उतरलेला तो तुकडा मी तळहातावर धरून पाहिला. म्हणजे वहिनी चुकली नव्हती. कापडाच्या जगात अजूनही तिचाच कायदा चालतो, इतक्या दूरसुद्धा, मशिनींच्या राज्यातसुद्धा. तिचा हात बरोबर होता. लॅपटॉपचा कायदा उलटा आहे एवढंच कोणीतरी तिला सांगायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारी एकच मुलगी त्या दुकानात तिच्या शेजारी उभी होती.

इथल्या खोलीत आम्ही सहाजणी. कोणाचा लॅपटॉप नाही. खेळ मी सोडले. शपथ घेऊन वगैरे नाही. फोनवर एकदा ती गाडी चालू केली आणि पहिल्याच वळणावर मला मागाची खट-खट थांबल्यासारखी वाटली. फोन ठेवून दिला.

त्या लॅपटॉपची बॅटरी आता फुगली आहे म्हणे. वहिनीनं तो पिशवीत घालून मागाजवळच्या खुंटीला टांगला आहे. टाकून देत नाही. "वजनाचा हाय," म्हणते. तिच्यासाठी तो अजून घरातला भरीव माल आहे, आणि तिची स्वतःची एक ढोबळ चूक.

परवापासून मी हे लिहिते आहे. आधी वाटलं फोनवर सांगावं. पण मी तिला ओळखते. फोनवर सांगितलं तर ती म्हणेल, "जाऊ दे व, लहान होतीस," आणि माझंच वाक्य मला परत देऊन मोकळी होईल. ते मला नको आहे. हे समोर बसून सांगायचं आहे, तिचे हात दिसत असताना.

म्हणून आज सकाळी अक्काकडे सुट्टी मागितली. हातवारे करून, तमिळचे पाचसात शब्द, उरलेली हिंदी. ती बराच वेळ 'इल्ला' म्हणत राहिली, म्हणजे नाही. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिनं कागदावर सही केली. मंडईच्या आदल्या दिवशी मी घरी पोचते. लाखनीच्या यादीत नाव द्यायला त्यानंतर दोन दिवस उरतात, हे मी वहिनीच्या शेजारणीला विचारून घेतलं आहे.

वहिनी, मी रिकाम्या हातानं येते आहे. नवा लॅपटॉप आज माझ्या आवाक्यात नाही. पण तो मी घेणार, तुझ्या नावाचा, पातळ, दिवसभर बिनखुंटीचा चालणारा. तोवर मोहाडीच्या तुझ्या भाचीकडे आहे तो लॅपटॉप दहा दिवस मागून घेऊ. मागायला मी जाते. आणि एक दिवस आपण दोघी पुन्हा भंडाऱ्याच्या त्या काचेच्या टेबलासमोर उभ्या राहू. तू दोन्ही हातांत दोन घेशील, डोळे मिटशील. तू डोळे उघडायच्या आधी मी सांगेन, वहिनी, इथं हलका तोच खरा. मग तूच निवड.